पुलाच्या चढापुरतं

मे महिन्यातली दुपार, पंचेचाळीस पॉइंट दोन.
पाचपावलीच्या पुलाखाली माझं दुकान, शटर अर्धं खाली.
चाचेरकर भाऊंची ई-रिक्षा पुन्हा दारात.
"काहून थांबते वं बाई हे, बरोबर मधातच?
पाच सवाऱ्या अन् चढाव लागला
का काटा असा पडते,
जसा कोणी मागून पाय ओढून राहिला."

मी मागची सीट उचलली.
शिशाच्या चार बॅटऱ्या, टर्मिनलांवर हिरवट बुरशी.
त्यांचं काही चुकलेलं नव्हतं.
शिसं म्हणजे घाई न जमणारं माणूस:
दिवसभर थोडं थोडं मागा, देत राहील;
एकदम मागाल तर आतून बसेल,
आणि एकदा बसलं की पुरतं उठत नाही.

पॉलिटेक्निकात दोन वर्षं घोकलं, त्यातलं
उपयोगी पडलं ते एवढंच:
किती आहे, हा एक हिशेब.
किती झटकन देता येतं, हा दुसरा.
एका खात्यात दोन्ही मांडायला गेलं
की दिवाळं.

म्हणून शिसं ठेवलं, सपाट रस्त्याला.
जोडीला लिथियम, जळालेल्या शोरूमच्या स्कूटरमधलं,
एकेक सेल तपासून घेतलेलं. हलकं, हुशार,
पण त्याला सावली लागते,
आणि या गावात मेमध्ये
सावलीचंच भाडं जास्त.

आणि या चोवीस डब्या.
कळमन्याच्या भंगारवाल्यानं किलोवर दिल्या,
कुठल्याशा पवनचक्कीतून उतरलेल्या.
त्याला वाटलं, अॅल्युमिनियम.
तौसीफला वाटलं, थंड्याचे डबे.
सुपरकपॅसिटर, मी म्हटलं. हात लांब ठेव.
यांना मुरवणं माहीत नाही.
मागितलं की दिलं, दिलं की रिकामे,
पुन्हा भरायला निमिष पुरे.
रात्री भरून ठेवले तर सकाळी
मीटर दाखवतो, थोडं कुठेतरी गळालेलं.
यांच्यावर घर चालायचं नाही.
पूल चढता येईल.

पहिल्यांदा मी घाई केली.
मधला कन्व्हर्टर न लावता थेट जोडलं:
एक निळा आवाज,
आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक नव्हतंच.
तो अजून खिळ्याला टांगलाय, गणपतीच्या फोटोशेजारी.
भरलेल्याला रिकामं असं उघडं भेटवायचं नसतं.
मध्ये कोणीतरी लागतं
देणंघेणं सावकाश समजावणारं.

संध्याकाळी ट्रायल.
सवाऱ्या कोण देणार? सीटवर आणि पायाशी
मेलेल्या बॅटऱ्या रचल्या, सवारीमागे दोन-तीन,
दुकानात तेवढी वस्ती नेहमीच असते.
चाचेरकर हँडलला, मी मीटरला,
तौसीफ मागे मेलेल्यांना धरून.
चढ सुरू झाला. शिशाचा काटा जागचा हलला नाही,
लिथियमनं जरा मान वाकवली,
आणि त्या चोवीस डब्या उतरत गेल्या
चाळीस, छत्तीस, एकतीस,
पुलाचा माथा आला तेव्हा
त्यांच्याजवळ जेमतेम काही होतं.

"चढली वं!" भाऊ ओरडले,
मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला.

उतारावर त्यांनी ब्रेक दाबला
आणि काटा वर सरकू लागला.
जे खर्चलं त्यातलं थोडं परत येत होतं.
सगळं नाही.
सगळं परत आलेलं
मी अजून कुठल्याच मीटरवर पाहिलं नाही.

बिलाची गोष्ट निघाली तेव्हा अंधार पडला होता.
"एकदम नाही जमत बाई. रोजचे पन्नास देतो."
मी वहीत लिहिलं: चाचेरकर, रोज पन्नास.
तौसीफ खालून म्हणाला, "म्हंजे शिसं."
भाऊंना कळलं नाही, तरी तेही हसले.

कूलरमधलं पाणी संपलं होतं, नळ सकाळी.
कोपऱ्यात डिस्टिल्ड वॉटरचा भरलेला कॅन.
मी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं
आणि उद्याच्या बॅटऱ्यांसाठी
तसाच राहू दिला.